थांबणार की नाही, कोण सांगणार?

औंढा नागनाथाचे देऊळ पाहायला येणाऱ्या माणसाला गावकरी दोन कथा हमखास सांगतात. एक, नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची. दुसरी विसोबा खेचरांची. गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरविल्यावर नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निवांत पहुडलेले. नामदेवांनी हटकले तेव्हा ते म्हणाले, बाबा रे, माझ्याने हलवत नाही; जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले, दुसरीकडे ठेवले, तिथे लिंग उभे राहिले. पुन्हा उचलले, पुन्हा तेच. पुढचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे: देव सर्वत्र आहे.

या कथेत आणखी एक प्रश्न दडलेला आहे. विसोबांनी नामदेवांना जे काम सांगितले ते ऐकायला किती साधे! पाय उचल, जागा पाहा, देव नसेल तर थांब, असेल तर पुढे चल. पाटीवर लिहून काढता येईल अशी ही चार ओळींची आज्ञा. पण हे काम संपणार आहे की नाही? दहा जागा झाल्या, शंभर झाल्या, म्हणून एकशे एकावी सापडणार नाही असे नुसते बघणाऱ्याला छातीठोकपणे म्हणता येत नाही. नामदेव थांबले ते जागा संपल्या म्हणून नव्हे. त्यांना आतून काही उमगले म्हणून.

त्याच औंढा तालुक्यात आज 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, आणि सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. चार-चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनात असलेल्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसरचा किरण, आणि मागे रात्रंदिवस आकडेमोड करणारे संगणक. संगणक म्हटला की विसोबांचा प्रश्न आलाच. दिलेले काम संपेल का, आणि संपणार की नाही हे आधी सांगता येईल का? गणितशास्त्रात याला 'हॉल्टिंग प्रॉब्लेम', म्हणजे थांबण्याचा प्रश्न, असे म्हणतात. त्याचे उत्तर १९३६ साली मिळाले, आणि ते नकारार्थी आहे. हे उत्तर मिळाले तेव्हा आजच्या अर्थाचा एकही संगणक जगात अस्तित्वात नव्हता.

ज्यांनी बँकेत नोकरी केली आहे त्यांना हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतर शाखाशाखांतून यंत्रे येऊ लागली. दिवसभराचे व्यवहार संपले की रात्री 'डे-एण्ड' चालवायचा. पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत राहायची. वीस मिनिटे, चाळीस मिनिटे, दीड तास. यंत्र काम करते आहे की कुठे गोल गोल फिरते आहे, काही कळायला मार्ग नाही. मध्येच बंद केले आणि ते शेवटच्या खात्यावर असेल तर सारी मेहनत वाया. न बंद केले आणि ते अडकलेले असेल तर सकाळी दहाला दारात ग्राहक उभे. शिपाई चहा ठेवून जायचा, शेवटची एस.टी. निघून जायची. अशा रात्री मी आणि माझे सहकारी एकच इच्छा करीत असू: दुसरा एखादा प्रोग्रॅम असावा, जो पहिल्याकडे पाहून सांगेल, 'साहेब, हा थांबेल,' किंवा, 'नाही थांबायचा, घरी जा.'

असा सर्वज्ञ प्रोग्रॅम होऊ शकत नाही. आज होत नाही, उद्या अधिक वेगवान यंत्र आले की होईल, असे नव्हे. कधीच होऊ शकत नाही. याचे कारण समजायला उच्च गणित लागत नाही. मात्र त्याआधी 'थांबणे' आणि 'फिरत राहणे' म्हणजे काय ते हाताने करून पाहिले पाहिजे. त्यासाठी आपण देवळालीला जाऊ.

नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) नावाचे शाळामास्तर होते. आकड्यांशी खेळणे हे त्यांचे व्यसन. त्यांनी एक क्रिया शोधली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. आपण १९३६ हीच संख्या घेऊ. ९६३१ वजा १३६९, आले ८२६२. ८६२२ वजा २२६८, आले ६३५४. ६५४३ वजा ३४५६, आले ३०८७. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढे करून पाहा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी थांबली. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. कापरेकरांनी ही गोष्ट १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर ती जगभर गेली.

जुन्या बँकवाल्यांना यात एक ओळखीची खूण दिसेल. हाताने खतावणीचे बॅलन्सिंग करताना फरक आला आणि त्याला नवाने पूर्ण भाग गेला, की आम्ही म्हणायचो, कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे. ५४ चे ४५ पडले आहेत. कारण तेच अंक उलटसुलट मांडून वजाबाकी केली की उत्तर नेहमी नवाच्या पटीतच येते. ६१७४ म्हणजेही ९ गुणिले ६८६.

आता तीच क्रिया पाच अंकी संख्येवर करा. ५३९५५ घ्या. ९५५५३ वजा ३५५५९, आले ५९९९४. पुढे ९९९५४ वजा ४५९९९, आले पुन्हा ५३९५५. म्हणजे आपण दोन घरांमध्ये जन्मभर येरझारा घालणार. क्रिया तीच, नियम तेच, फक्त एक अंक वाढला आणि थांबणारी गाडी फिरत राहिली. पण इथे निदान ती फिरते आहे हे ओळखता येते, कारण पाच अंकी संख्या लाखाच्या आतच आहेत. एखादी संख्या दुसऱ्यांदा आली की समजायचे, चक्र लागले.

सगळेच प्रश्न इतके मवाळ नसतात. जर्मन गणिती लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक खेळ १९३७ सालापासून प्रसिद्ध आहे. कोणतीही पूर्ण संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. १ आला की थांबा. सहापासून निघाला तर आठ पायऱ्यांत १ येतो. सत्तावीसपासून निघाला तर आकडे चढत चढत ९२३२ पर्यंत जातात आणि मग कुठे १११ पायऱ्यांनी १ येतो. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते का? २०२० सालापर्यंत संगणकांनी २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सर्व संख्या तपासल्या, सगळ्या थांबल्या. तरीही 'सर्व थांबतात' हे कोणाला सिद्ध करता आलेले नाही. चौथीतल्या मुलाला कळेल असा हा नियम आहे, आणि त्याचा शेवट जगातल्या मोठमोठ्या गणितज्ञांना सांगता येत नाही.

मग सर्वांवर लागू पडणारी एखादी युक्ती नाही का? जर्मनीचे डेव्हिड हिल्बर्ट यांना वाटत होते की असणार. गणितातले कोणतेही विधान खरे की खोटे हे ठरविणारी एक यांत्रिक रीत शोधा, असे आव्हान त्यांनी १९२८ मध्ये दिले. त्याला उत्तर दिले केंब्रिजच्या एका तेविशीतल्या तरुणाने. त्याचे नाव ॲलन ट्यूरिंग. वडील मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी, आईचे वडील मद्रासच्या रेल्वेत मुख्य अभियंता. आई-वडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात परक्या घरी, असे त्याचे बालपण गेले. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी त्याच वर्षी वेगळ्या वाटेने हेच उत्तर गाठले. पण ट्यूरिंगची वाट सामान्य माणसाला अधिक जवळची आहे.

त्याने काय केले? त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हे, आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावीत. ट्यूरिंगने असा एक कारकून डोळ्यांपुढे आणला. समोर शाळेच्या गणिताच्या वहीसारखा चौकटींचा कागद, हातात पेन्सिल. एका वेळी एक चौकट पाहायची, ठरलेल्या नियमाप्रमाणे काही लिहायचे किंवा खोडायचे, आणि शेजारच्या चौकटीकडे जायचे. कल्पना, तर्क, मनाची लहर यांना वाव नाही. जगातली कोणतीही आकडेमोड या कारकुनाकडून होऊ शकते, असे ट्यूरिंगने दाखवले. आजचा सर्वांत मोठा संगणकही तत्त्वतः तोच कारकून आहे, फक्त त्याचा हात फार वेगाने चालतो.

आणि मग त्याने त्या कारकुनाची मर्यादा दाखवली. 'थांबण्याचा प्रश्न' हे नाव नंतरचे, आणि त्याची मूळ मांडणी थोडी निराळी होती. पण गाभा असा. समजा एक प्रोग्रॅम आहे, त्याला आपण 'त्रिकाळज्ञानी' म्हणू. कोणताही प्रोग्रॅम आणि त्याला द्यायची माहिती त्याच्यापुढे ठेवली की तो विचार करून ठरावीक वेळात सांगतो: थांबेल, किंवा थांबणार नाही. कधी चुकत नाही. आता त्याच्या मदतीने मी दुसरा प्रोग्रॅम लिहितो, त्याचे नाव 'उलटखोर'. उलटखोराला कोणत्याही प्रोग्रॅमचा मजकूर द्या. तो त्रिकाळज्ञानीला विचारतो, 'या प्रोग्रॅमला त्याचाच मजकूर खाऊ घातला तर तो थांबेल का?' थांबेल, असे उत्तर आले तर उलटखोर मुद्दाम अखंड फिरत राहतो. थांबणार नाही, असे आले तर लगेच थांबतो.

आता शेवटची चाल. उलटखोरही एक प्रोग्रॅमच आहे, त्यालाही मजकूर आहे. तो मजकूर उलटखोरालाच द्या. तो थांबेल का? त्रिकाळज्ञानी म्हणाला 'थांबेल', तर तो थांबत नाही. म्हणाला 'थांबणार नाही', तर तो थांबतो. काहीही म्हणा, त्रिकाळज्ञानी खोटा पडतो. म्हणजे कधीही न चुकणारा त्रिकाळज्ञानी असूच शकत नाही. ज्योतिषाने 'तू आज घराबाहेर पडशील' म्हटले की हट्टाने घरी बसणारा आणि 'पडणार नाहीस' म्हटले की चप्पल घालणारा माणूस आपण पाहिलेला असतो. फरक एवढाच की इथे हट्ट नाही, निव्वळ तर्क आहे, आणि त्यातून सुटका नाही.

याचा भलता अर्थ मात्र काढू नये. कोणत्याच प्रोग्रॅमबद्दल काहीच सांगता येत नाही, असे ट्यूरिंगने म्हटलेले नाही. पुष्कळांबद्दल सांगता येते. सर्वांना लागू पडणारी एकच रीत नाही, एवढेच. हा भेद आपल्या मातीतल्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात एक प्रश्न घेतला: अशी कोणती वर्गसंख्या आहे, जिला ६१ ने गुणून एक मिळविला तर पुन्हा पूर्ण वर्गच येतो? दिसायला किरकोळ. पण सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० चा वर्ग, आणि त्यातून मिळतो १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग. एकेक संख्या तपासत बसलो तर बावीस कोटींच्या पुढे जावे लागेल, आणि मधल्या वाटेवर कोणीही म्हणेल की उत्तर नाहीच. भास्कराचार्यांनी चक्रवाल नावाच्या रीतीने हे उत्तर मोजक्या पायऱ्यांत काढले. त्यानंतर पाच शतकांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. चक्रवाल हे नावाप्रमाणे चक्र आहे, पण हे चक्र नेहमी थांबते, आणि हे पुढे गणिताने सिद्ध झाले आहे.

मग पूर्णांकांतल्या सर्वच समीकरणांसाठी असे एक चक्रवाल का नसावे? हिल्बर्ट यांनी १९०० साली मांडलेल्या २३ प्रश्नांपैकी दहावा नेमका हाच होता. सत्तर वर्षांनी, १९७० मध्ये, युरी मातियासेविच या बावीस वर्षांच्या रशियन तरुणाने मार्टिन डेव्हिस, हिलरी पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांच्या कामावर कळस चढवून उत्तर दिले: अशी रीत नाही. कारण कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हा प्रश्न समीकरणाच्या रूपात लिहिता येतो. समीकरणांची सार्वत्रिक रीत मिळाली असती, तर त्रिकाळज्ञानीही मिळाला असता.

आता पुन्हा औंढ्याकडे येऊ. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. त्या प्रत्यक्ष हाती लागल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो वेधशाळांत. मधली ९९ वर्षे 'लहरी नाहीत' असे कोणालाही निर्वाणीचे सांगता येत नव्हते. 'अजून सापडल्या नाहीत' एवढेच म्हणता येत होते. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. तो थांबला तर 'थांबला' हे कळते. थांबला नाही तर 'अजून थांबला नाही' यापलीकडे नुसते पाहून काही कळत नाही. होकार हातात येतो, नकार येत नाही. लहरींचा शोध आणि थांबण्याचा प्रश्न या वेगळ्या गोष्टी आहेत, पण वाट पाहणाऱ्याची कोंडी दोन्हीकडे एकच.

या वेधशाळांच्या संगणकांना आणखी एक मर्यादा जाचते, ती वेळेची. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहाहजाराव्या भागाहून लहान हालचाल टिपायची, आणि ती गोंगाटातून ओळखायची. त्यासाठी लहर कशी दिसेल याचे असंख्य नमुने आधी तयार करून येणाऱ्या नोंदींशी जुळवून पाहतात. हे नमुने किती आणि कसे निवडावेत, याचे पायाभूत काम पुण्याच्या 'आयुका'तले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये केले. पहिली लहर सापडली त्या वेळी सुमारे अडीच लाख नमुने वापरात होते. काही शोध तर असे आहेत की नमुने फार वाढतात आणि जगातल्या हौशी लोकांचे घरगुती संगणकही मदतीला घ्यावे लागतात. 'आइन्स्टाइन ॲट होम' हा उपक्रम २००५ पासून त्यासाठी चालला आहे. ही मर्यादा मात्र वेगळ्या जातीची. अधिक यंत्रे आणली तर ती मागे सरकते. ट्यूरिंगची मर्यादा कितीही यंत्रे आणली तरी जागची हलत नाही.

इथे एखादा चौकस वाचक विचारील, खऱ्या संगणकाची स्मृती तर मर्यादित असते; मग पाच अंकी कापरेकरांसारखे चक्र ओळखता येणार नाही का? तत्त्वतः येईल. पण अवघ्या एक किलोबाइट स्मृतीच्या अवस्था मोजायच्या तर सुमारे अडीच हजार अंकी संख्या लागते. तेवढी वाट पाहण्यापेक्षा नामदेवांचे काम आधी संपेल.

हे सारे रविवारच्या सकाळी कशाला, असे कोणी म्हणेल. कारण आपला पगार, पेन्शन, पीककर्ज, दवाखान्यातला रिपोर्ट, मुलाचा प्रवेश, सारे आज प्रोग्रॅमच्या हाती आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आता सर्व शंका फेडील अशी हवा आहे. तीही त्याच कारकुनाच्या कागदावर चालते. १९५३ मध्ये हेन्री राइस यांनी ट्यूरिंगचे पाऊल पुढे नेऊन दाखवले की, प्रोग्रॅम काय करतो याबद्दलच्या कोणत्याही खऱ्याखुऱ्या प्रश्नाला सर्व प्रोग्रॅमसाठी अचूक उत्तर देणारे यंत्र असू शकत नाही. एखादा विशिष्ट प्रोग्रॅम काळजीपूर्वक, सिद्धतेसह लिहिता येतो, आणि महत्त्वाच्या ठिकाणी तसा लिहितातही. पण 'आमच्या यंत्राने तपासले आहे, आता कुठल्याच प्रोग्रॅममध्ये चूक उरली नाही' असे सरसकट कोणी सांगू लागला, तर तो माल विकतो आहे, गणित सांगत नाही, हे ओळखावे.

माणसाला सगळे कळते असाही याचा अर्थ नाही. कोलाट्झपुढे माणूसही हतबल आहे. पण डे-एण्ड किती वेळ चालू द्यायचा आणि कधी बंद करायचा, हे शेवटी कोणीतरी ठरवावे लागते, त्यावर सही करावी लागते, आणि चुकले तर निस्तरावे लागते. आमच्या वेळी ती सही शाखाधिकाऱ्याची असे. आज यंत्रांत वेळमर्यादा घालून ठेवतात: इतक्या सेकंदांत उत्तर आले नाही तर काम सोडून दे. ती मर्यादाही कोणा माणसानेच ठरवलेली असते. म्हणून खिडकीवर एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला 'संगणक घेत नाही, काका' असे ऐकावे लागते, तेव्हा त्याने आणि त्याच्या लेकाने नम्रपणे विचारावे, 'संगणक घेत नाही हे कळले. आता ठरवणारे साहेब कोण, आणि कुठे बसतात?' हा प्रश्न उर्मटपणाचा नाही. यंत्राला सर्व काही ठरवता येत नाही हे १९३६ पासून सिद्ध झालेले आहे, आणि उरलेले ठरविण्यासाठी खुर्चीत माणूस लागतो.

आणि घरातल्या मुलांना आज एक काम द्या. आपापले जन्मसाल घेऊन, चारही अंक सारखे नसल्याची खात्री करून, ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजायला सांगा. ते जास्तीत जास्त सात पायऱ्यांत थांबतीलच. मग सत्तावीस आकडा द्या, तिप्पट-अधिक-एकचा नियम सांगा, आणि त्यांना विचारा, 'हे थांबेल का रे?' एकशे अकरा पायऱ्यांच्या वाटेवर केव्हातरी एखादे पोर पेन्सिल खाली ठेवून विचारील, 'पण आधीच कसे कळणार?' त्याला सांगा की नेमका हाच प्रश्न एका तेविशीतल्या मुलाला पडला होता.